डबी, ट्यूब आणि आत्याचे ओठ

माझ्या आत्याला कुणी सुंदर म्हटल्याचं मला आठवत नाही, पण तिच्या ओठांविषयी आमच्या घरात सगळे अदबीनं बोलायचे. कारण तिचं पोट त्या ओठांवर होतं. आत्या अग्निशमन दलाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायची. आगी विझवणारे लोक वेगळे, हे लोक फक्त वाजवायचे. नवा बंब आला की वाजवायचे, साहेब निवृत्त झाले की वाजवायचे, साहेब वारले की तेच जरा हळू वाजवायचे. आख्ख्या शहराच्या आगी विझवणारं खातं, पण आत्याच्या डोक्यातली आग विझवणं त्यातल्या एकालाही कधी जमलं नाही.

उंच, काटकुळी, केस पुरुषासारखे बारीक कापलेले आणि वरच्या ओठाच्या मधोमध ट्रम्पेटच्या तोंडाची कायमची गोल खूण. लहानपणी मला वाटायचं, तिथं बटण असावं आणि ते दाबलं की आत्या सुरू होत असावी. खात्यात तिला मागून ‘भोंगा’ म्हणायचे. तिला ते ठाऊक होतं. समोर म्हणायची कुणाची टाप नव्हती.

लग्न तिनं केलं नाही. एका लाँड्रीच्या वरच्या खोलीत एकटी राहायची. खाली इस्त्रीची वाफ, वर ट्रम्पेट. लाँड्रीवाला म्हणायचा, “बाईंनी सूर लावला की शर्टाची कॉलर आपोआप ताठ होते.”

माझी आई अगदी उलट टोकाची. शहरातल्या मोठ्या दुकानात शिरल्या शिरल्या जो लखलखीत काचेचा काउंटर लागतो, त्याच्यामागे ती उभी असायची आणि बायकांना सांगायची की तुमची त्वचा फार थकलेली दिसते. बाई थकलेली नसली तरी हे ऐकून थकायची आणि पर्स उघडायची. चेहरा तयार झाल्याशिवाय आई कचरेवाल्यालासुद्धा दार उघडत नसे.

अशा दोघी नणंद-भावजया. त्यांचं भांडण कधीच झालं नाही. त्या एकमेकींशी आदरानं बोलायच्या, आणि ते भांडणापेक्षा वाईट होतं.

“वन्सं, तुम्ही बाई जशा आहात तशाच बऱ्या,” आई म्हणायची.

“वहिनी, आजचं रंगकाम झालं, की एक हात मारायचा राहिलाय?” आत्या विचारायची.

बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. अशा वेळी ते डोळ्यात भिंग अडकवायचे आणि हातात घड्याळ नसलं तरी त्यात बघत बसायचे.

तर आत्याची एक डबी होती. चपटी, गोल, हिरव्या झाकणाची. आत ओठांना लावायचं पिवळसर मलम आणि नाकात जाऊन बसणारा कापराचा वास. ती डबी तिच्या गणवेशाच्या खिशात असायची. वाजवायच्या आधी बोट डबीत, वाजवून झालं की बोट डबीत, आणि बँडमास्तर काही बोलायला लागले की ते थांबेपर्यंत बोट डबीतच. तिच्याइतकं श्रद्धेनं कुणी देवाचं काही केलेलं मी पाहिलेलं नाही. आणि एवढं करूनही तिचे ओठ सदा उललेले. ती म्हणायची, “डबी आहे म्हणून एवढ्यावर भागतंय. नसती तर तोंड गळून पडलं असतं.”

त्या वर्षी हिवाळ्यात ओठ फारच बिघडले. कोपरे फाटले, मधली चीर भरेना. त्यात अग्निशमन दलाच्या नव्या मुख्य इमारतीचं उद्घाटन तोंडावर आलेलं. प्रमुख पाहुणे दोरी ओढणार, पाटीवरचा पडदा सरकणार आणि तो सरकत असताना आत्या एकटी ट्रम्पेट वाजवणार. शेवटी एक खूप वरचा सूर, तो धरून ठेवायचा. असले पडदे आत्यानं कितीतरी सरकवले होते. ती जागा तिची होती, त्यावर कुणी बोलायचं नाही.

उद्घाटनाच्या आधीच्या रविवारी ती आमच्याकडे जेवायला आली. सूपचा चमचा ती ओठांना न लावता वरून तोंडात ओतत होती. आई थोडा वेळ बघत राहिली आणि मग तिला राहवेना.

“वन्सं, ओठ आहेत की वाळलेला चिखल?”

“हवा कोरडी आहे.”

“हवा माझ्या ओठांवरूनही वाहतेच की.” आईनं पर्स उघडली आणि एक ट्यूब काढून टेबलावर ठेवली. गुलाबी अंग, सोनेरी टोपण. “ही लावून बघा. काउंटरवर टिकत नाही, बायका अक्षरशः ओढून नेतात. ओठ कसे भरून येतात.”

“मला भरायचे नाहीत, वाजवायचे आहेत.”

“कोरडे पडणार नाहीत हो. ओलावा धरते.”

मला वाटलं, आत्या ती ट्यूब सुपात बुडवेल. पण तिनं ती उचलली, उलटसुलट करून पाहिली आणि खिशात टाकली. आई इतकी चकित झाली की पुढचा टोमणा तिच्या तोंडातच राहिला.

उद्घाटनाला आम्ही तिघं तिसऱ्या रांगेत बसलो होतो. बँड बाजूला उभा. आत्यानं ट्यूब काढली आणि डबीच्या सवयीनं भरपूर थापली. जरा वेळानं ती घोड्यासारखं ‘फुर्र फुर्र’ करू लागली. मग हातानं तोंडाला वारा घालू लागली. बँडमास्तरांनी डोळे वटारले. आत्याचे ओठ लालबुंद झाले आणि आमच्या डोळ्यांदेखत वाढू लागले. मला वाटलं, ऊन पडलंय म्हणून तसं दिसतंय. आई पुटपुटली, “अय्या, काय छान बसलीये!”

प्रमुख पाहुण्यांनी दोरी धरली. शेजारी उपप्रमुख साहेब हात मागे बांधून ताठ उभे. आत्यानं सुरुवात केली. खालचे सूर कसेबसे निघाले. पडदा हलला, आत्यानं छाती भरून घेतली आणि वरच्या सुराला हात घातला.

सूर आला नाही. बसचं दार उघडताना हवा सुटते तसा एक लांबलचक ‘फुस्स’ आला आणि त्याच्या शेपटीला, आता स्पष्टच सांगते, कुणीतरी पादल्यासारखा आवाज आला. चांगला मोठा, ट्रम्पेटमधून गेल्यामुळे तर फारच खणखणीत.

प्रमुख पाहुण्यांनी दोरी सोडली आणि शेजारी पाहिलं. उपप्रमुख साहेबांचा यात काही दोष नव्हता, पण ते कानापर्यंत लाल झाले, आणि निर्दोष माणूस लाल झाला की संपलंच. मागच्या रांगेतले जवान खुर्च्यांना धरून हसत होते. पडदा अर्ध्यावर अडकला होता तो तसाच राहिला.

कार्यक्रम आटोपल्यावर आत्या तडक आमच्या रांगेपाशी आली. तोंडावर दोन लाल उशा ठेवल्यासारखे ओठ.

“वहिनी, डाव साधलास.”

“अगं बाई, वन्सं, काय हे तोंड!” आई म्हणाली, आणि तिला हसू आलं. खरं तर घाबरून आलं होतं, पण आलं.

तेवढ्यात प्रमुख पाहुण्यांच्या पत्नी आल्या आणि त्यांनी आत्याला लाडीकपणे विचारलं, “कुठली लावता हो? मला लिहून द्याल?”

त्यानंतर आत्या आमच्याकडे फिरकली नाही.

बँडमास्तरांनी तिला ओठ बरे होईपर्यंत सुट्टी दिली आणि पुढच्या कार्यक्रमातला एकट्यानं वाजवायचा तुकडा दुसऱ्या ट्रम्पेटवाल्याला दिला. वर आपुलकीनं म्हणाले, “तोवर झांजा घे. झांजांना ओठ लागत नाहीत.” आत्या कुणाला मारत नसे, म्हणून बँडमास्तर अजून आहेत.

बाबांनी तिला बळंच त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं, आणि मला सोबत. डॉक्टर तरुण होत्या, घाईत होत्या. त्यांनी ओठ पाहिले, ट्यूब पाहिली, डबी पाहिली.

“दोन्ही बंद करा. नुसती साधी पेट्रोलियम जेली लावा, वास नसलेली.”

“दोन्ही?” आत्या म्हणाली. “ट्यूबचं कळलं. डबीनं काय घोडं मारलंय?”

“त्यात काय आहे ते वाचलंय का कधी?”

“डबीवर वाचायचं काय? डबी आहे ती.”

डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

बाहेर आल्यावर आत्या म्हणाली, “चला तुमच्या घरी. वहिनीसमोरच होऊ दे. डबी माझी निर्दोष आहे.” अशा रीतीनं आमच्या जेवणाच्या टेबलावर खटला उभा राहिला. एका बाजूला आई आणि तिची ट्यूब, दुसऱ्या बाजूला आत्या आणि तिची डबी. जुन्या डबीवरची अक्षरं खिशात घासून पुसून गेली होती, म्हणून आत्यानं पिशवीतून कोरी डबी काढली. मधे बाबा. ती अक्षरं वाचणं माणसाच्या डोळ्याचं काम नव्हतं, म्हणून बाबांनी भिंग चढवलं. या वेळी त्यांच्यापुढे खरोखरच बघायला काहीतरी होतं, त्यामुळे ते खुशीत होते. अर्थ शोधायला मी फोन घेऊन बसले.

“जे सगळ्यात जास्त असतं ते आधी लिहितात,” आई म्हणाली. “आम्हाला शिकवलंय.”

“तर मग ट्यूब,” बाबा खाकरले. “पहिलं, पॉलीब्युटिन.”

“चिकट असतं,” मी फोनमधून वाचलं. “चमक येते. चिकटवायच्या पदार्थांतही वापरतात.”

“गोंद,” आत्या म्हणाली. “वहिनीनं मला गोंद लावला.”

“दुसरं, एरंडेल तेल.”

“जुलाबाचं?”

“तेच.”

“बरोबर. आवाज तसाच आला.”

आई ओठ दाबून बसली होती. बाबांनी आणखी काही नावं वाचली, त्यांतली अर्धी त्यांच्या जिभेवरून घसरून पडली. मग ते थांबले. भिंग काढून पुसलं, परत लावलं.

“कॅप्सिकमचा अर्क. त्यापाठोपाठ आल्याचं तेल. मग पुदिन्याचं.”

“कॅप्सिकम म्हणजे ढोबळी मिरची ना?” आईनं आशेनं विचारलं.

“तिखट मिरची,” मी म्हणाले. “आग होते, रक्त धावून येतं आणि ओठ फुगतात. त्याच्यासाठीच घालतात.”

आत्या उभी राहिली. “मिरची! अग्निशमन दलातल्या बाईच्या तोंडाला आग लावलीस!”

“मला काय माहीत!” आईचा आवाज चिरकला. “आम्हाला ट्रेनिंगमध्ये सांगितलंय, ‘वनस्पतींची नैसर्गिक ऊब’ म्हणायचं.”

“मिरची वनस्पतीच आहे,” बाबा म्हणाले. दोघींनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी घाईघाईनं पुढचं वाचलं. “कार्माइन.”

“लाल रंग. एका जातीचे किडे वाळवून, कुटून काढतात.”

आईचं बोट नकळत स्वतःच्या ओठांवर गेलं. त्या दिवशी तिनं लाल लिपस्टिक लावली होती. थोडा वेळ ती विचारात पडली. मग म्हणाली, “असू देत. रंग चांगला येतो त्यांचा.”

मला ती त्या क्षणी फार आवडली.

“आता डबी,” ती म्हणाली.

आत्यानं डबीवर पंजा ठेवला. “हिच्यात काही नाही. मेण आहे.”

“मग हात काढा की, वन्सं.”

पेट्रोलियम जेली निघाली, तिला कुणाची हरकत नव्हती. मधमाश्यांचं मेण निघालं. आत्यानं विजयी मुद्रेनं आईकडे पाहिलं. लॅनोलिन निघालं, म्हणजे मेंढीच्या लोकरीवरचं मेण. “मेंढी काही मिरची नव्हे,” आत्या म्हणाली. मग कापूर आला, मेन्थॉल आलं आणि शेवटी सॅलिसिलिक ऍसिड.

मी शोधलं, वाचलं आणि आत्याकडे पाहिलं.

“वाच ना,” आई म्हणाली.

“थोडंसंच असतं म्हणे यात. पण ते... कातडी सोलतं. पायाची भोवरी, म्हणजे कुरूप, घालवायच्या औषधात घालतात. चामखिळीच्याही.”

आईनं हसू दाबायचा प्रयत्न केला, तिच्या गळ्याच्या शिरा फुगलेल्या मी पाहिल्या. पण शेवटी ते फुटलंच. “म्हणजे वन्सं, तुम्ही इतकी वर्षं... तोंडाला... भोवरीचं औषध!” ती इतकी हसली की काजळ गालापर्यंत उतरलं. दुकानात ज्याला ती वॉटरप्रूफ सांगून विकायची, तेच काजळ.

आत्या हसली नाही. तिनं डबी हातात घेतली आणि झाकण उघड-बंद करत बसली. “पण लावल्या लावल्या गार वाटतं.”

“गार कापूर आणि मेन्थॉलमुळे वाटतं,” मी म्हणाले. “ट्यूबमध्येही पुदिना त्यासाठीच आहे. ओठ मात्र त्यानं आणखी कोरडे होऊ शकतात. मग परत लावायचं.”

“गार लागलं की बाईला वाटतं, लागू पडलं,” आई डोळे पुसत म्हणाली. “माझा निम्मा काउंटर त्यावरच चालतो.”

“माझ्या पहिल्या बँडमास्तरांनी दिली होती मला ही,” आत्या म्हणाली. “नोकरीला लागले तेव्हा. म्हणाले, हिला सोडू नकोस.”

“त्यांचे स्वतःचे ओठ कसे होते?” बाबांनी विचारलं.

आत्यानं बराच वेळ आठवून पाहिलं.

“फाटलेले,” ती म्हणाली.

आता हसण्याची पाळी तिची होती. फाटक्या ओठांनी हसताना तिला दुखत होतं, म्हणून ती एकीकडे हसत होती आणि एकीकडे ‘आई गं’ म्हणत होती.

नुसत्या जेलीवर राहणं तिला फार जड गेलं. हात आपोआप खिशाकडे जायचा. आई दुकानातून घरी येताना लाँड्रीवरच्या खोलीत डोकावायला लागली. म्हणायची, तपासायला जाते. एकदा तिनं आत्याला उशीखालच्या डबीसकट पकडलं आणि डबी जप्त केली.

दुकानातही आईनं आपला धर्म बदलला. ट्यूब मागणाऱ्या बाईला ती आधी सांगायची, “यात मिरची आहे हां. आग होईल. ओठ उललेले असतील तर हात लावू नका.” सुपरवायझर हबकला. पण बायका म्हणायच्या, “खरी मिरची? मग दोन द्या.” पूर्वी ऊब सांगून खपायची त्यापेक्षा मिरची सांगून जास्त खपायला लागली. खरं बोलून आईची कधी नव्हे ती बढती झाली, आणि हे पचवणं तिला थोडं कठीण गेलं.

आत्याचे ओठ भरून आले. सालपटं गेली, कोपरे मिटले. इतके मऊ ओठ तिचे शाळेत असतानाच असतील. एका संध्याकाळी आई आणि मी तिच्या खोलीत होतो. तिनं ट्रम्पेट काढली, तोंड पुसलं आणि पडद्याचा तो तुकडा वाजवला. खालचे सूर स्वच्छ आले. वरचा आला नाही. तिनं परत घेतला, परत आला नाही. तिसऱ्यांदा तर नुसती हवाच गेली.

“अजून नीट बरे झाले नसतील,” आई म्हणाली. “थोडे दिवस जाऊ देत.”

“नाही, वहिनी.” आत्यानं ट्रम्पेट मांडीवर ठेवली. “ओठ बरे आहेत. तो सूर आधीच गेला होता. गेलं वर्षभर चाचपडत होते, कधी यायचा, कधी नाही. वय झालं. ते मान्य करायचा धीर होत नव्हता, म्हणून तर तुझी ट्यूब घेतली. आणि तिनं घात केला तेव्हा चिडले खूप, पण आतून बरंही वाटलं. निदान सांगायला काही झालं.”

आई पलंगाच्या काठावर बसली. तिनं आत्याच्या गणवेशाच्या बाहीवरचा एक दोरा ओढून काढला.

“मग मला एवढे दिवस कसाई ठरवलंत त्याचं काय?” ती शेवटी म्हणाली.

“ते चुकलंच माझं.” आत्या थांबली. “पण मिरची होती ना.”

“होती.”

खालून इस्त्रीचा ‘सूंऽ’ आवाज येत होता.

“तुमच्यात मोठ्या तोंडाचं काही वाजवायचं नसतं का?” आईनं विचारलं. संगीतातलं तिला ओ की ठो कळत नाही, म्हणूनच तिला हे सुचलं. “म्हणजे ओठांना जरा ऐसपैस.”

“असतं. ट्यूबा.”

“परत ट्यूब नको.”

“ट्यूबा गं. सगळ्यात मोठा. खालचे सूर. वाजवणारा सोडून गेल्यापासून आमच्या गोदामात पडलाय, त्यात कुणीतरी छत्र्या ठेवतं.” तिची बोटं मांडीवर हलायला लागली होती.

बँडमास्तर म्हणाले, “ट्यूबा तुला पेलणार नाही.” आत्या म्हणाली, “बंब तुम्हाला पेलतो का? तरी चालतोयच ना.” छत्र्या निघाल्या, ट्यूबा आला. पहिल्याच सुराला लाँड्रीतले सगळे हँगर एकदम वाजले आणि लाँड्रीवाला भूकंप समजून रस्त्यावर धावला. वरच्या त्या एका सुरासाठी आत्याचं जे तोंड आवळून राहायचं ते हळूहळू सुटलं. चिडकेपणा गेला नाही, पण तोही खालच्या पट्टीत आला.

वसंतात बागेतल्या चौथऱ्यावर बँडचा कार्यक्रम झाला. एकट्याचा तुकडा दुसऱ्या ट्रम्पेटवाल्यानं वाजवला, आणि चांगला वाजवला. आत्या मागच्या रांगेत. ट्यूब्याच्या वर तिचे बारीक केस आणि खाली बूट, मधली आत्या गायब. आम्ही पुढच्या बाकावर होतो. मधेच आईनं माझा दंड धरला.

“अगं, हे कुठून येतंय? बाकातून?”

“आत्या आहे ती.”

“माझ्या पोटात वाजतंय.” ती डोळे मोठे करून बसून राहिली, कार्यक्रम संपेपर्यंत हलली नाही.

नंतर दोघींनी तो ट्यूबा कापडात गुंडाळून दोन बाजूंनी उचलला आणि बस स्टॉपकडे निघाल्या. बाबा आणि मी मागून चाललो होतो.

“वन्सं, तुम्ही जड बाजू मला दिलीत.”

“वहिनी, याला जड बाजू एकच असते, सगळीकडून.”

“मग सावकाश चाला. माझी टाच उंच आहे.”

“कुणी घालायला सांगितली होती?”

“तुमचा कार्यक्रम होता म्हणून घातली!”

आत्या थांबली. आई तिच्यावर आदळली. दोघींनी ट्यूबा सावरला, हात बदलले आणि बस येताना दिसली तशा धावत सुटल्या.